मागच्या गेटची पाटी

(जयनगर. रविवारची सकाळ. जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले. उल्हास, त्यांचा मुलगा राजस आणि सून सिद्धी.)

उल्हास: गुरुवार होता. तू लॅबमधून रिपोर्ट घेऊन आलास आणि मला फाटकाबाहेर बोलावलंस. आई आत ओट्याशी कोथिंबीर निवडत होती.

राजस: अण्णा, मी एफडीचं विचारतोय.

उल्हास: तेच सांगतोय. स्वल्प, थोडं ऐक. रिपोर्ट चार पानांचा होता. तू तिसरं पान उघडलंस, एका ओळीवर बोट ठेवलंस आणि म्हणालास, आईला सांगायचं नाही. अल्सर म्हणायचं.

राजस: वर्ष होत आलं त्याला. तुमच्या खात्याला माझा नंबर जोडलाय, परवा मी मीटिंगमध्ये होतो आणि बँकेचा मेसेज आला. एक लाख ब्याऐंशी हजार क्रेडिट. आईची एफडी मोडलीत तुम्ही?

उल्हास: मोडली.

राजस: कशाला?

उल्हास: कॉलेजच्या फीला.

राजस: कोणाच्या कॉलेजच्या?

उल्हास: माझ्या.

सिद्धी: अण्णा, चेष्टा करताय ना?

उल्हास: हा फॉर्म. तूच बघ.

सिद्धी: एमएसडब्ल्यू. मास्टर ऑफ सोशल वर्क. स्पेशलायझेशन, मेडिकल अँड सायकिअ‍ॅट्रिक. राजस, खरंच आहे. फोटोही चिकटवलाय.

राजस: एकसष्टाव्या वर्षी?

उल्हास: वयाची अट नाही. मी फोन करून विचारलं. फोनवरची मुलगी म्हणाली, अंकल, स्टुडंटकडे द्या ना फोन. मी म्हटलं, दिलाय.

राजस: याला डिग्री लागते, अण्णा.

उल्हास: बी.कॉम. आहे मी. शेहेचाळीस टक्के. त्यांना पंचेचाळीस लागतात. सर्टिफिकेट तेवढं आणलेलं नव्हतं. आई लग्नापासून मागे लागलेली, धारवाडला जाऊन घेऊन या, माझंही माहेरी जाणं होईल. एप्रिलमध्ये एकटा जाऊन आणलं.

राजस: एप्रिलमध्ये? तेव्हा तर डोळे तपासायला दोन दिवस अ‍ॅडमिट व्हायचंय म्हणाला होतात.

उल्हास: आपल्या घरात तशीच पद्धत आहे.

सिद्धी: राजस, बस जरा. उभ्याने बोलू नकोस. अण्णा, फीसाठी एफडीच कशाला? लोन मिळतं ना शिक्षणाला?

उल्हास: गेलो होतो. मॅनेजर राजसएवढा. म्हणाला, सर, कोर्स संपून नोकरी लागली की हप्ते सुरू होतात. मग फाइलमध्ये बघून म्हणाला, तुम्ही तर तीन वर्षांपूर्वी रिटायर झालात. कॉफी पाजली त्याने. चांगला मुलगा. पाया पडायचाच बाकी होता, पण लोन दिलं नाही.

सिद्धी: स्कॉलरशिप?

उल्हास: तीस वर्षांच्या आतल्यांना. एका ट्रस्टची होती, तिथे वडिलांचं उत्पन्न लिहायचं होतं. माझे वडील शहाण्णवला गेले. मी शून्य लिहिलं. त्यांचं उत्तरच नाही आलं.

राजस: मला मागायचे. मी नाही म्हटलं असतं का?

उल्हास: मागितले. पाडव्याला आला होतात तेव्हा. दुखवट्याचं वर्ष, गोडधोड नव्हतं, म्हणून लवकर निघालात. तू बूट घालत होतास. म्हणालास, बघू. दोन दिवसांनी मोबाइलवर काशी-गयेच्या टूरची लिंक पाठवलीस.

राजस: तुम्ही काहीतरी शिकावंसं वाटतं, एवढंच बोललात. मला वाटलं हार्मोनियम वगैरे.

उल्हास: तू पुढे विचारलं नाहीस.

राजस: बरं, आता विचारतो. दोन वर्षं वीस-बावीसच्या पोरांबरोबर बाकावर बसणार. मग काय? पासष्टीच्या घरातल्या माणसाला कोण नोकरी देणार? आणि ते पैसे तुमच्या मेडिकल इमर्जन्सीसाठी ठेवले होते. उद्या तुम्हाला काही झालं तर?

उल्हास: तर तू मला अल्सर सांगशील.

सिद्धी: अण्णा.

उल्हास: सरी, सरी, बरं. पुढे बोल.

राजस: नाही, बोलू दे त्यांना. सहा महिने हेच चाललंय. मी घरी या म्हणतो, मैत्रेयी रोज विचारते आजोबा कधी येणार, व्हाइटफील्डला आमच्याकडे खोली रिकामी पडलीय. तुम्ही इथे एकटे बसून माझ्यावर केस तयार करताय.

उल्हास: मैत्रेयीला प्लेस्कूलमधून आणायला तुम्हाला माणूस हवाय. त्यात वाईट काही नाही. पण खोली माझ्यासाठी रिकामी आहे, असं नको म्हणू.

सिद्धी: ते दोन्ही खरं असू शकतं, अण्णा.

उल्हास: असेल. तुझ्यापुरतं असेल.

राजस: हे सोशल वर्कचं खूळ कुठून आलं, ते सांगा.

उल्हास: मथुरा मॅडम आठवतात?

राजस: कोण मथुरा?

सिद्धी: हॉस्पिटलमधल्या. फार्मसीच्या बाजूला ती छोटी खोली होती. तिथे बसायच्या त्या.

राजस: ती इन्शुरन्सचे फॉर्म देणारी?

उल्हास: फॉर्म देणारी नाही. सोशल वर्कर. आपण दोघं औषधांच्या रांगेत उभे राहायचो, तेव्हा आई तिथे जाऊन बसायची. मला वाटायचं पंख्यासाठी बसते. फेब्रुवारीत मी डिस्चार्ज समरी आणायला गेलो. मथुरा मॅडमनी आत बोलावलं. म्हणाल्या, अम्मांची आठवण येते हो. दर गुरुवारी अर्धा तास बोलायच्या.

राजस: काय बोलायची?

उल्हास: मरणाबद्दल.

राजस: काय?

उल्हास: तिला माहीत होतं. पहिल्या महिन्यापासून.

राजस: शक्यच नाही. डॉक्टरांना मी सांगून ठेवलं होतं. नर्सेसना सांगितलं होतं. फाइल तुमच्या स्कूटरच्या डिकीत असायची. कोणी सांगितलं तिला?

उल्हास: कोणी नाही. तू कॅब कुठे थांबवायचास?

राजस: मागच्या गेटला. मुद्दाम. पुढच्या गेटवर इंग्लिशमध्ये ऑन्कॉलॉजी म्हणून केवढी पाटी आहे. आईने वाचलं असतं तर संपलंच.

उल्हास: आणि मागच्या गेटवर?

राजस: मागे काही नाही. कन्नडमध्ये काहीतरी लिहिलंय. पार्किंगचं असेल.

उल्हास: 'क्यान्सर विभाग'. निळ्यावर पांढरी, वीतभर अक्षरं. खाली बाण.

राजस: आई ते कुठे वाचणार?

उल्हास: सव्वीस वर्षं तिने कन्नड शाळेत गणित शिकवलं, राजस. त्रिकोण, वर्तुळ, सगळं कन्नडमध्ये. घरात मराठी बोलायची म्हणून तू विसरलास.

राजस: मला वाचता येत नाही ते. तिसरी भाषा होती, आठवीपर्यंत, पास होण्यापुरती. तुम्हीच म्हणालात संस्कृत घे, मार्क मिळतात.

उल्हास: मीच म्हणालो. मिळाले.

सिद्धी: मला वाटलंच होतं.

राजस: तुला काय वाटलं होतं?

सिद्धी: दिवाळीत आईंनी मला फोन घेऊन बसवलं. ट्यूशनच्या दहावीच्या मुलांनी मार्चपर्यंतची फी आगाऊ भरली होती ना? जानेवारीपासून पुढची परत पाठव म्हणाल्या, एकेकाच्या आईच्या नंबरवर. अकरा मुलं होती. मी म्हटलं, अल्सर बरा झाला की शिकवालच की. त्या म्हणाल्या, तू पाठव गं, हिशेब मला येतो.

राजस: आणि तू मला बोलली नाहीस?

सिद्धी: काय बोलणार होते? तूच सगळ्यांना ताकीद दिली होतीस. मी तर बाहेरून आलेली, चार वर्षांची सून. तुझी आई, तुझे नियम.

राजस: ग्रेट. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, आणि मूर्ख एकटा मी. आणि अण्णा, तुम्ही आता दोन वर्षं कॉलेजला जाणार, कशाला, तर मी काय चुकलो ते शिकायला. आईच्याच पैशांनी. छान शिक्षा काढलीत.

उल्हास: तुझ्यासाठी नाही.

राजस: मग कोणासाठी? मी घाबरलो होतो, अण्णा! तीस वर्षांचा होतो. मला वाटलं, ऐकून ती दोन दिवसांत जाईल. मला जे सुचलं ते केलं. तुम्ही मोठे होतात. तुम्ही नाही म्हणायचं होतं!

उल्हास: हो.

राजस: हो काय?

उल्हास: मी नाही म्हणायचं होतं. आणि तीही संधी मला एकदा नाही मिळाली. रोज मिळत होती.

सिद्धी: अण्णा, पाणी घ्या.

उल्हास: नको. ऐका. दुसऱ्या खेपेला तू कॅबवाल्याला पैसे देत होतास. गूगल पे चालेना, तू रस्त्यापलीकडे गेलास सुट्टे आणायला. आई गेटसमोर उभी होती. मी तिच्या मागे, पाण्याची बाटली घेऊन. ती वर बघत होती. मी पण वर बघितलं.

राजस: तुम्ही वाचलंत.

उल्हास: वाचलं. तिने वाचलं तेही बघितलं. पदर सारखा करायला लागली. मग ती मागे वळली. आणि मी बाटलीचं झाकण लावत बसलो. लागलेलंच होतं ते झाकण. परत काढलं, परत लावलं. ती म्हणाली, ऊन लागतंय, चला आत.

सिद्धी: म्हणजे जूनमध्येच?

उल्हास: जूनमध्ये. गेली जानेवारीत.

राजस: म्हणजे सहा महिने तुम्हाला माहीत होतं, की तिला माहीत आहे.

उल्हास: हो.

राजस: आणि मी रोज फोनवर विचारायचो, आई, अल्सर कसा आहे, आणि तुम्ही शेजारी बसून ऐकायचात.

उल्हास: हो.

राजस: मी तिच्यासमोर ते खोटे रिपोर्ट टाइप करून आणायचो. आणि ती वाचायची. चष्मा लावून वाचायची. बाप रे.

उल्हास: तू केलेल्या स्पेलिंगच्या चुका ती पेन्सिलने खूण करून ठेवायची. मला सापडलेत ते कागद, गणिताच्या वहीत. मथुरा मॅडमना म्हणाली होती, पोरं लपवायला एवढी धडपडतात, मोडायला जीव होत नाही.

राजस: मग तुम्ही का नाही बोललात तिच्याशी? एकट्यात? मी तर व्हाइटफील्डला असायचो.

उल्हास: येत नव्हतं. कारखान्यात छत्तीस वर्षं पगारपत्रकं केली. घरी आलो की तिने विचारायचं, मी हो-नाही म्हणायचं. असं काही कसं बोलायचं ते कोणी शिकवलं नाही. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, अल्सर फार हट्टी निघाला हो. आणि माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ बघत होती. मी म्हटलं, हो, हट्टी आहे. मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

सिद्धी: आणि मथुरा मॅडमशी बोलायच्या.

उल्हास: बाहेरच्या बाईशी ती दर गुरुवारी बोलली. ती बाई काही मोठी नाही. पस्तिशीची असेल. तिला बसून ऐकायला येत होतं, एवढंच. मी विचारलं, हे कुठे शिकलात? तिने या कॉलेजचं नाव सांगितलं.

राजस: आता शिकून काय उपयोग? आई तर गेली.

उल्हास: आईला उपयोग नाही.

राजस: म्हणजे तुम्ही दुसऱ्यांच्या घरात जाऊन बोलणार. जे आपल्या घरात नाही बोललात ते.

उल्हास: हो. तसंच आहे ते. तू म्हणतोस तितकंच वाईट आहे.

राजस: मला हे जमणार नाही, अण्णा. तुम्ही करा काय करायचं ते. पैसे तुमच्या नावावर आलेत, मी कोण विचारणारा? पण मला तुमचा अभिमान वगैरे वाटेल, अशी अपेक्षा नका ठेवू. सिद्धी, मी गाडी काढतो. सिल्क बोर्डच्या चौकात ट्रॅफिक जाम व्हायच्या आत निघू.

सिद्धी: तू हो पुढे. आलेच.

उल्हास: जा गं. त्याला ताटकळत नको ठेवू. आधीच चिडलाय.

सिद्धी: चिडू दे. मला एक सांगा, फॉर्म कधी द्यायचाय?

उल्हास: उद्या पाचच्या आत. नाव लागलं तर तीन दिवसांत फी. म्हणून एफडी आधी मोडली.

सिद्धी: हे शेवटचं पान कोरंच आहे की.

उल्हास: तिथे लिहायचंय, या क्षेत्रात का यावंसं वाटतं. पाचशे शब्द.

सिद्धी: मी देऊ करून? तुम्ही सांगितलंत तेच जरा नीट करून टाइप करते. एआयला दिलं तर दोन मिनिटांत होईल, इंग्लिशही छान करेल.

उल्हास: नको.

सिद्धी: तुम्ही आत्ता बोललात ना सगळं? तसंच लिहायचं फक्त.

उल्हास: पाच दिवस बसतोय. रोज 'माझी पत्नी' एवढं लिहितो आणि पेन खाली ठेवतो. मथुरा मॅडम म्हणाल्या, गेटपासून सुरू करा. गेटपर्यंत येतो. ती वळते तिथे थांबतो.

सिद्धी: हॉर्न वाजवतोय तो.

उल्हास: जा. आणि मैत्रेयीला म्हणावं, आजोबा येतील. कधी ते नको सांगू.

सिद्धी: बाकी सगळं जोडलंय ना? फोटो, मार्कशीट?

उल्हास: फोटो लावला. मार्कशीट आहे. धारवाडचं सर्टिफिकेट आहे. फीचे पैसे खात्यात आहेत. ते एक पान राहिलंय.