रविवारची धार

सोनीबाई : व्हय, मीच काढली धार. तुमी प्रार्थनेला डोळे मिटले, अन् मी उठले.

कुंडलिक : अगं, उद्या बेल्ह्याचा बाजार! कालपासनं गाय तुंबवून ठेवली व्हती. कास भरलेली दिसली असती, गिऱ्हाईक भुललं असतं.

सोनीबाई : ओट्यावर सगळी मंडळी जमलेली. तुमी सांगताय, जग बिघडलंय, येशूच्या माणसानं जागं राहावं. अन् मागं गोठ्यात ती हंबरतीया. सावळेराम गुरुजी दोनदा वळून बघत व्हते.

कुंडलिक : मला वाटलं, माझं बोलणं भिडलं त्यांना.

सोनीबाई : गायीला भिडलं.

कुंडलिक : चेष्टा नको. रुपालीची नर्सिंगची फी या गायीवर हाये. भाव पडला तर पोरगी घरी बसंल.

सोनीबाई : माझी बी पोरगी हाये ती. पण कास दगडासारखी झालेली. बघवंना मला.

कुंडलिक : सगळा बाजार हेच करतो. गेणभाऊ दलालानंच सांगितलं.

सोनीबाई : मग मंडळीला ‘गेणभाऊचं ऐका’ एवढंच सांगायचं व्हतं. उपदेशाला अर्धा तास कशाला घेतला?

(गेणभाऊ गोठ्याच्या दारात येतो.)

गेणभाऊ : राम राम, कुंडलिकभाऊ. कास बघू. आरं, ही तर मोकळी!

कुंडलिक : झालं ते झालं.

गेणभाऊ : काय बिघडत नाय. आता उद्या सौदा होईस्तवर हात लावू नको. परत भरंल. दूध इचारलं तर चौदा लिटर सांग.

सोनीबाई : नऊ देती.

गेणभाऊ : वैनी, बाजारात नऊ सांगणाऱ्याला लोक खुळ्यात काढत्यात.

कुंडलिक : गेणभाऊ, सांजची धार मी काढणार. उद्या पहाटंची बी. अन् गिऱ्हाईकाला नऊच सांगणार.

गेणभाऊ : लई मार खाशील भावात.

कुंडलिक : खाईन. सकाळी साऱ्या जगावर नजर ठेवली राव म्या, अन् आपला गोठा तेवढा इसरलो.

गेणभाऊ : तुझी मर्जी. टेम्पो सहाला येईल.

कुंडलिक : सोने, गेला का तो? आता रुपालीला काय सांगू? तोंड कसं दाखवू पोरीला?

सोनीबाई : धार काढायला चरवी तिनंच आणून दिली मला.