इंजिनाच्या घशातला बोळा

अरे, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. कॉलेजात आम्ही रेसची गाडी बनवली, पण बाईकचं जुनं इंजिन ओढेचना. सर म्हणाले, "दम नाही, तर गाडी हलकी करा." आम्ही सांगाड्याला बारीक पाईप घातले. गाडीला जमिनीवर दाबून धरणारा मागचा पंखही वारा अडवतो म्हणून काढला. तरी तेच!

शेवटी हातखंब्याच्या मेस्त्रीने एअर फिल्टरमधून कापडाचा बोळा उपसला. "मेल्यांनो, गळा आवळून वर त्यालाच अशक्त म्हणताय?"

आमच्या ड्रायव्हरने, सुशांतने, सड्याच्या मोकळ्या कातळावर गाडी सोडली मात्र, इंजिन गरजलं, आणि दाबून धरायला पंखच नाही! पहिल्याच वळणावर तीन गिरक्या. सांगाडा वाकला, सुशांत पांढराफटक.

सरांनी विचारलं, "बोळा कोणी कोंबला?"

उंदीर शिरू नयेत म्हणून माझीच लुंगी फाडून मी कोंबला होता. सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो, "बोला ना, कोणी?"