लाल नको म्हणले होते मी

न्हाई न्हाई, पेन राहू द्या खिशात. सही करायचीच न्हाई असं मी कुठं म्हणले, रविकिरण भाऊ? पण आत्ता न्हाई. आधी बसा. ती खुर्ची हलती जरा, भिंतीला टेकवून घ्या. भोकरपासून सडकेचं काम चालू हाय, धुरळा खात आलात ना? पाणी घ्या. सगळ्यांच्या सह्या झाल्या म्हणता – संस्थेच्या आप्पासाहेबांची झाली, हेडमास्तर शेषेराव सरांची झाली, वार्डन बाईची तर सगळ्यात आधी झाली असंल – आणि उरली एक माझी, पालकांतर्फे. मला कळतंय. सातवी शिकलेल्या बाईच्या सहीसाठी नांदेडची कंपनी दारात येऊन बसली म्हणून शेजारीण दोनदा डोकावून गेली. तिला वाटून राहिलं, मला घरकुल मंजूर झालं.

काय लिहिलंय म्हणता त्या दाखल्यात? काम पूर्ण, ॲप चालतं. चालतं ना, कोण न्हाई म्हणतं? लई छान चालतं. जरा हळू बोला पण, आत्याबाई मागं शेळीला पाला टाकून राहिल्यात. सासूबाई हायेत माझ्या, कान तिखट हायेत त्यांचे. हे बघा माझा फोन. ही माझी रेणुका, पाचवी ब. नावापुढं हिरवा ठिपका. हिरवा म्हणजे पोरगी हजर हाय, जेवली, बरी हाय – तुम्हीच शिकवलंत मला. सकाळी चूल पेटवायच्या आधी बघते. सोयाबीन काढायला गेले की बांधावर बसून बघते. गिरणीत दळण होईस्तोवर चारदा बघते. आमचे हे लातूरला दालमिलवर, त्यांना रोजीना सांगते – हिरवा हाय हो, जेवली पोरगी. किनवटच्या पुढं जंगलातली निवासी शाळा, दहा वर्षाचं लेकरू, आणि आईच्या हातात काय, तर एवढा तुरीच्या दाण्याएवढा ठिपका. तरी मी खुश होते बघा.

तुम्हाला आठवतं का, कंपनी निवडायची मीटिंग झाली तेव्हा? मी कोपऱ्यात बसले होते. नियमातच होतं ना, एक तरी पालक पाहिजे म्हणून, न्हाईतर मला कोण बोलावतं. पहिले ते हैदराबादवाले – केवढा टीव्ही आणला होता! जंगलातबी चालंल म्हणाले. शेषेराव सरांनी आपला फोन वर करून दाखवला, एक कांडी न्हाई रेंजची, तर म्हणाले तो तुमच्या फोनचा प्रॉब्लेम हाय. मग ते लातूरवाले, क्लासेसचे ॲप बनवणारे. ते दर शनिवारी पोरीचा नंबर कितवा ते सांगणार होते, वरून खालून दोन्हीकडून. मी म्हणले, माझी पोरगी रात्री पांघरूण घेते का ते सांगतंय का तुमचं ॲप? हसले सगळे. आप्पासाहेबबी हसले. आणि मग तुम्ही आलात, तुम्ही आणि ती तुमच्यासंगं काम करणारी पुनम. टीव्ही न्हाई, काही न्हाई. पोरींच्या पंगतीत बसून जेवलात, आणि सरळ माझ्याकडं वळून विचारलंत – ताई, तुम्हाला भीती कशाची वाटते?

आता काय सांगू. मला हे कुणी विचारलंच नव्हतं कधी. माझ्या आईनं न्हाई, नवऱ्यानं न्हाई. मी जी बोलत सुटले – विंचू, ताप, आंघोळीचं गार पाणी, ओढ्याला आलेलं पाणी – अर्धा तास बोलले असंन, आणि तुम्ही मान खाली घालून लिहून राहिले होते. आप्पासाहेबांना हैदराबादवालेच पाहिजे होते, हे तुम्हाला माहीत हाय का? न्हाई ना? मी भांडले. मी म्हणले, जो माणूस विचारतो त्यालाच काम द्या. शेषेराव सर माझ्या बाजूनं उठले म्हणून जमलं. तेव्हा तुम्हाला काम मी मिळवून दिलं, म्हणून सहीबी मुकाट करावी – असं का? तसं न्हाई म्हणत तुम्ही? बरं, न्हाई म्हणत.

मग महिन्यातून दोनदा यायचे तुम्ही. दाखवायचे, इथं दाबा, तिथं दाबा. ताई, समजलं का? हाव, समजलं. ताई, कसं वाटतं? छान. मी कशालाच वाईट म्हणले न्हाई. नांदेडवरून माणूस येतो, ताटात काय पडंल ते खातो, त्याच्या कामाला नाव कसं ठेवायचं? निम्मं तर मला कळायचंबी न्हाई. एकच गोष्ट बोलले मी. पहिल्यांदा कसं केलं होतं तुम्ही? सकाळी सगळ्या पोरींचा ठिपका लाल, आणि वार्डन बाईनं बघून ऑफिसातल्या नेटवर दाबलं की एकेक हिरवा. तेव्हा मी म्हणले – लाल नको हो भाऊ. लाल दिसलं की काळजात धस्स होतं. आधीपासून हिरवाच असू द्या, काही झालं तरच लाल करा. आणि दुसऱ्या दिवशीच तुम्ही बदललंत! मी गावभर सांगितलं, माझ्या एका शब्दावर इंजिनिअरनं ॲप फिरवलं म्हणून.

मग काय झालं, सांगते. मागच्या महिन्यात भेटीचा रविवार होता. खारे शेंगदाणे घेऊन गेले, तर पोरगी गादीवर. ओठ फुटलेले, केसांची जट झालेली. तीन दिवसांपासून ताप. तीन दिवस! आणि मी तीन दिवस बांधावर बसून हिरवा बघून राहिले होते. नवऱ्याला सांगून राहिले होते – बरी हाय, जेवली. वार्डन बाईला विचारलं, तर त्या म्हणतात, अहो, ते आपोआपच हिरवं असतं, गडबडीत लाल करायचं राहून गेलं. गडबड खरी हाय त्यांची, एका बाईच्या गळ्यात शंभर पोरी. त्यांना मी काय बोलणार? आता तुम्ही म्हणणार, ताई, तुम्हीच सांगितलं होतं. म्हणा की. हाव, मीच सांगितलं होतं. पण भाऊ, मी म्हणले आणि तुम्ही केलं? मी भेकड बाई, मला काय, मी तर म्हणंन रेणुकाचं वयच वाढवू नका. तुम्ही इंजिनिअर ना? एकदा तरी म्हणायचं होतं – ताई, असं केलं तर खोटं दिसंल. लाल का नको, एवढं एकच विचारायचं होतं. पहिल्या दिवशी विचारलंत, मग विचारायचंच सोडलं.

विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? ...हळू बोलते. धस्स होतं ते खरं हाय, पण ते माझ्यासाठी नव्हतंच. हा फोन आत्याबाई बघतात. वाचता येत न्हाई, रंग कळतो. पोरीला तिकडं टाकायला त्यांचा इरोधच होता. मी पाया पडले, तेव्हा म्हणाल्या – एकदा जरी काही झालं तर दुसऱ्या दिवशी पोरगी घरी. आणि त्या बोलल्या की करतात. आमच्या माहेरच्या गावाला शाळा सातवीपर्यंत. आठवीला भोकरला जायला लागले होते मी, एष्टीनं, पास काढला होता. चौथ्या दिवशी एष्टी बिघडली, घरी यायला दिवे लागले. झालं, तेवढंच झालं बघा – दुसरं काही न्हाई, कुणी हात लावला न्हाई की काही न्हाई, नुसता उशीर. दुसऱ्या दिवशी दप्तर माळ्यावर, आणि दोन वर्षात लग्न. एका बिघडलेल्या गाडीनं सगळं संपलं माझं, मग रेणुकाचं एका लाल ठिपक्यानं संपणार न्हाई का? म्हणून मला हिरवा पाहिजे होता, खरा न्हाई, नुसता हिरवा. त्या तापाचंबी सांगितलं न्हाई मी घरात. तुम्हाला कशाला सांगून राहिले, काय माहीत. विसरा.

तर मला आता बदलून पाहिजे. माणसानं डोळ्यानं बघितलं तरच हिरवा. न्हाई बघितलं तर लालबी नको – रिकामा. नुसता गोल. काय? करारात बसत न्हाई? आता सही करा, पुढच्या टप्प्यात बघू? भाऊ, पुढचा टप्पा तुमचा असंल, पोरगी आज तिथं हाय. असं करा, अवघड हाय का ते सांगा. दहा मिनिटांचं काम? मग काढा की तो लॅपटॉप. नुसतं तुम्हाला-मला दिसंल असं, चाचणीपुरतं म्हणा. माझ्या फोनचं नेट घ्या. मी चहा टाकते तोवर.

...झालं एवढ्यात? दाखवा. हे काय, एकदम सगळे गोल रिकामे? रेणुकाचा रिकामा, तिच्या वरचीचा रिकामा, खालचीचा रिकामा – अहो, वरपर्यंत सगळंच पांढरं. बिघडलं वाटतं. न्हाई? मग? वार्डन बाईनं ॲप शेवटचं कधी उघडलंय? सोमवारी. आज शुक्रवार हाय, भाऊ. म्हणजे सोमवारपासून हा हिरवा... मी आज सकाळी बघितला तो... थांबा. थांबा, फोन लावते. वार्डन बाईचा लागत न्हाई. शेषेराव सरांचाबी न्हाई. रेंजच नसंल, तसं काही नसंलच, त्या पोरी नाचत असतील मैदानात, मला माहीत हाय, पण माहीत कुठं हाय!

आत्याबाई! ओ आत्याबाई, इकडं या. राहू द्या तो पाला. हे बघा, हे रिकामे गोल. न्हाई, आजारी न्हाई – हाय का न्हाई ते कुणालाच माहीत न्हाई, तेच दाखवून राहिले. आणि ऐका, मागच्या महिन्यात तिला तीन दिवस ताप होता, मी तुमच्यापासून लपवलं. ...बोला, लई बोला, पण गाडीत बोला, लांबची वाट हाय. लुगडं बदला अन् चला. न्हाई! आणायला न्हाई. बघायला चाललोत आपण. बरी असंल तर पोटभर बघू आणि माघारी येऊ, बरी नसंल तर दवाखान्यात तिच्या उशाशी बसू, आणि तिची वह्या-पुस्तकं तिथंच राहतील, हे मी तुमच्या तोंडावर सांगून राहिले. पहिल्यांदाच सांगून राहिले, हाव. रागात का होईना, निघा.

तुम्ही काय उभे राहिले, रविकिरण भाऊ? गाडी काढा. नांदेड उलटं पडतं? पडू द्या. तुमचा तो दाखला घ्या संगं, काय ते तिथं ठरवू, पोरीला बघून. चहा उतू जाऊन राहिला, तो बंद करते मी. मागचं दार उघडा, आत्याबाईला पुढं बसलं की मळमळतं. आता बोलू नका. चालू करा.