गच्चीवरची बॅच

शंतनू: थांब. आधी दार लावून घे. आणि आता सांग, शाळेत अक्षराचे सर विचारायले तवा तू माझ्याकडं बोट कशापायी केलंस?

शिवरंजनी: आणि तुम्ही माझ्याकडं का केलं?

शंतनू: आता बघ! ते म्हणाले, अक्षरा चाचणीत गणितात वर्गात पहिली आलीय, पेपर बघून जीव खुश झाला, क्लास कुणाचा लावलाय? पोरगी तुझ्या मुलींच्या बॅचला बसती, मग म्या तुझं नाव घेणार न्हाय तर कुणाचं घेणार?

शिवरंजनी: माझ्या बॅचला? माझ्या बॅचला कधी बसली ती?

शंतनू: का? बसत न्हाय?

शिवरंजनी: अय्यो! अहो, नववीचं गणित म्हटल्यावर तुमच्याकडंच असणार, असं मी धरून चालले होते. पुढच्या खोलीत तुमची बॅच, मागच्या खोलीत माझी. वेळ एकच. इकडं दिसली नाही म्हणजे तिकडं असंल.

शंतनू: आणि म्या म्हणलं, इकडं न्हाय म्हणजे तिकडं हाय.

शिवरंजनी: हसू नका. हसण्यासारखं आहे का हे?

शंतनू: हसू न्हाय तर काय करू? अर्ध्या मुरुम गावातली पोरं शिकायला आपल्या घरात, आणि आपलीच पोरगी दोन्ही खोल्यांतून गायब! वर त्या सरांसमोर दोघं एकमेकांकडं बोटं करून उभे. त्यांना वाटलं, काय नवरा-बायको आहेत, एकमेकांचं किती कौतुक!

शिवरंजनी: कौतुक होतंच की. पण मग जूनपासून ही संध्याकाळची असती कुठं? अक्षरा! ए अक्षरा, इकडं ये बघू.

अक्षरा: आले. काय झालं? सर काही बोलले का?

शिवरंजनी: पहिली आलीस म्हणून बोलले. ये, तोंड गोड कर आधी. आणि आता खरं सांग यव्वा, रोज संध्याकाळी आमच्या बॅच चालू असताना तू कुठं असतीस?

अक्षरा: स्वयंपाकघरात.

शंतनू: स्वयंपाकघरात काय करतीस तू? तुला तर चहासुद्धा जमत न्हाय.

अक्षरा: ऐकते. स्वयंपाकघर मधोमध आहे ना, पप्पा. या भिंतीतून तुम्ही ऐकू येता, त्या भिंतीतून मम्मी. तुमचा फळा दिसत नाही, पण तुम्ही लिहिताना मोठ्यानं बोलता. मी वहीत उतरवून घेते. मग मम्मीकडं तोच धडा आला की पुन्हा ऐकते.

शिवरंजनी: आणि कुठल्यातरी एका खोलीत येऊन बसायला काय झालं होतं?

अक्षरा: तुझ्याकडं बसले की पप्पांना वाईट वाटणार. पप्पांकडं बसले की तुला. तुम्ही कुणीच बोलवलं नाही, मग मीही काही बोलले नाही.

शंतनू: ऐकलंस का? पोरीनं दोघांचं मन राखलं आणि पहिलीबी आली. बरं, आमच्या बॅच संपल्यावर मग? जेवायला हाका मारून मारून मम्मी बेजार होती तवा तू कुठं असतीस?

अक्षरा: गच्चीवर.

शिवरंजनी: तिथं काय करतीस गं एवढा वेळ?

अक्षरा: सांगितलं तर रागवायचं नाही.

शंतनू: आधी सांग, मग ठरवू.

अक्षरा: मग नाही सांगत. आजीला विचारा. तिला माहितीय.

शंतनू: आईला माहिती हाय?

अक्षरा: आजी वाऱ्याला तिथंच बसलेली असती. तिला तर आता समीकरणसुद्धा सोडवता यायला लागलंय. खोटं वाटलं तर विचारून बघा.

शिवरंजनी: नाही रागवणार. सांग.

अक्षरा: शिकवणी घेते. टाकीच्या मागं.

शंतनू: कुणाची?

अक्षरा: बसवेश असतो, आरोही असती. कधी कधी महांतेश येतो. आणखी तिघं-चौघं.

शंतनू: अगं, ही तर समदी माझ्याच बॅचची पोरं! रोज खाली माझ्याकडून शिकून घरी जातात की.

अक्षरा: जात नाहीत. चपला हातात घेऊन मागच्या जिन्यानं वर येतात.

शंतनू: कशाला?

अक्षरा: राहू द्या ना पप्पा.

शंतनू: न्हाय, कशाला ते सांग.

अक्षरा: खाली समजत नाही म्हणून.

शंतनू: काय बोलायलीस! रोज विचारतो म्या, समजलं का? समदी पोरं एका सुरात म्हणतात, हो सर! त्या बसवेशचा आवाज तर सगळ्यात मोठा.

अक्षरा: ज्याला समजत नाही त्याचाच आवाज मोठा असतो. आणि पप्पा, तुम्ही "समजलं का" म्हणता आणि लगेच पान उलटता. मला इकडं स्वयंपाकघरात पान उलटल्याचा आवाज येतो. "हो सर" नंतर येतं.

शिवरंजनी: बसा हो. उभे का राहिलात?

शंतनू: बसतो. पाणी दे जरा.

शिवरंजनी: मनावर घेऊ नका एवढं.

शंतनू: मनावर न घेऊन कसं चालंल? इंजिनिअर झालो, पुण्यातली नोकरी सोडली. लातूरला क्लासमध्ये एवढा मोठा हॉल, गळ्यात माईक, घड्याळ लावून एकेक गणित. तिथं कुणी थांबलं की ऑफिसातून चिठ्ठी यायची, सर, पोर्शन पुढं न्या. तरी माझी पोरं पुढं गेली. डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली. आन् इथं मुरुममध्ये, माझ्याच घराच्या गच्चीवर, म्या शिकवलेलं माझी पोरगी पुन्हा शिकवायली!

शिवरंजनी: लातूरला जी पुढं गेली ती तुम्हाला दिसली. मागं बसलेली दिसली का? एवढ्या मोठ्या हॉलमध्ये दिसणार तरी कशी?

शंतनू: म्हणजे तूबी तिच्याच बाजूची?

शिवरंजनी: बाजू कसली? मी तुम्हाला सांगितलंय की. आमच्या घरात सगळं कानडी. पहिलीत गेले तेव्हा मराठीचा एक शब्द कळायचा नाही. बाई विचारायच्या, समजलं का? शेजारच्या पोरी "हो बाई" म्हणायच्या, मीही म्हणायचे. "हो बाई" एवढीच मराठी मला यायची. वर्षभर तेवढ्यावर काढलं.

शंतनू: हे तू लग्नानंतर सांगितलं होतंस. आपण लई हसलो होतो.

शिवरंजनी: हसलो होतो खरं. पण म्हणून तर मी डी. एड. केलं. म्हणून तर माझ्याकडं कानडी पोरीला आधी कानडीत विचारते. तुम्हाला शाळेत कधी अडलंच नाही हो. जळकोटच्या शाळेत गुरुजींच्या आधी तुमचं उत्तर तयार असायचं, सासूबाई अजून सांगतात. ज्याला अडलंच नाही त्याला अडलेल्याचं तोंड कसं ओळखू येणार?

अक्षरा: मम्मी, तू पण काही कमी नाहीस.

शिवरंजनी: मी? मी काय केलं आता?

अक्षरा: तू गोष्टी इतक्या सांगतीस की पोरींना गोष्ट पाठ होती आणि धडा राहून जातो. ती आरोहीची बहीण नाही का तुझ्या बॅचला? तिला विचारलं, नफा-तोटा म्हणजे काय, तर म्हणाली, त्या भाजीवालीच्या सुनेचं पुढं काय झालं ते बाईंनी अजून सांगितलं नाही.

शंतनू: हा! आता कसं! घे, पाणी तूबी पी.

शिवरंजनी: हसा, हसा. पण त्या सुनेचं पुढं मी उद्या सांगणार होते.

शंतनू: बरं अक्षरा, मला एक सांग. एक्स आणि वायची दोन समीकरणं. म्या खाली सांगितलं, खालचं वरच्यातून वजा करा, वाय जातो, एक्स मिळतो. सरळ रस्ता हाय. तू वर आणखी काय सांगतीस?

अक्षरा: तुम्ही "वजा करा" सांगता. त्यांना वजा करता येतं की. पण का करायचं ते कळत नाही. मी त्यांना स्टँडवरच्या हॉटेलात नेते.

शंतनू: हॉटेलात नेतीस?

अक्षरा: तोंडानं हो! दोन चहा आणि एक प्लेट भजी, बिल झालं पन्नास. शेजारच्या टेबलावर एक चहा आणि एक प्लेट भजी, बिल झालं चाळीस. आता दोन्ही बिलं शेजारी ठेवा. इकडं काय जास्त आहे? एक चहा. पैसे किती जास्त? दहा. मग चहा कितीला?

शंतनू: दहाला.

अक्षरा: आणि भजी?

शंतनू: तीसला. अगं, मला काय विचारायलीस!

अक्षरा: बसवेशनंही एवढ्याच वेळात सांगितलं. मग म्हणाला, अरे, सर हेच सांगायले होते व्हय! पप्पा, मी नवीन काही शिकवत नाही. तुमचंच सांगते. फक्त थांबते.

शंतनू: म्हणजे वर थांबतीस, म्हणून तिथं कळतं.

शिवरंजनी: झालं, आता पुरे. पण अक्षरा, पुढच्या वर्षी दहावी आहे. रोज दुसऱ्यांना शिकवत बसलीस तर स्वतःचा अभ्यास कधी करशील?

शंतनू: ते बरोबर हाय. उद्यापासून गच्ची बंद. तू माझ्या बॅचला बसायचं, पहिल्या बाकावर. भिंतीतून ऐकून दहावी होत नसती.

अक्षरा: आणि ती पोरं? त्यांची सहामाही तोंडावर आलीय. बसवेशचे बाबा म्हणालेत, यंदा गणितात गेला तर शाळा सोडून आडत दुकानावर बसायचं.

शंतनू: मला हे माहिती न्हाय.

अक्षरा: तुम्हाला कसं माहिती असणार? तुम्हाला तो "हो सर" म्हणतो.

शिवरंजनी: मग काय करायचं म्हणतीस तू?

अक्षरा: मी बसते पप्पांच्या बॅचला. गच्चीही बंद करते. पण एका अटीवर.

शंतनू: सांग.

अक्षरा: पप्पा "समजलं का" म्हणतील तेव्हा मला नाही समजलं तर मी मोठ्यानं म्हणणार, नाही समजलं. सगळ्यांसमोर. आणि समजलं असलं तरी, बसवेशला समजलं नसंल, तर तेव्हाही म्हणणार.

शंतनू: अगं, काय म्हणतील लोक? सरांचीच पोरगी, गणितात पहिली आलेली, आन् तिलाच सरांचं शिकवणं कळत न्हाय! माझ्या इज्जतीचा पार फालुदा होईल. पुढच्या वर्षी कोण येईल माझ्याकडं?

अक्षरा: म्हणूनच ना. मी म्हटलं तर बाकीच्यांना वाटंल, पहिल्या नंबरवालीला नाही समजलं, मग आपल्याला नाही समजलं तर त्यात काय लाजायचं? बसवेशनं आधी म्हटलं तर सगळे त्याला हसतील. मला नाही हसणार.

शिवरंजनी: काय हो सर, समजलं का तुम्हाला?

शंतनू: हो बाई.

शिवरंजनी: बघ गं! कसं म्हणाले बघ!

शंतनू: खरंच समजलं, देवा शपथ. फक्त गिळायला जरा जड जायलंय. एक रात्र जाऊ दे.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पुढच्या खोलीत बॅच भरलेली.)

शंतनू: तर हे खालचं समीकरण वरच्यातून वजा केलं. वाय गेला, एक्स मिळाला. समजलं का? थांबा, लगेच "हो सर" नको. आज म्या पान उलटत न्हाय. पुस्तक मिटून ठेवतो, हे बघा. हां, आता सांगा.

अक्षरा: नाही समजलं, सर.

शंतनू: कुणाला?

अक्षरा: मला, सर. वजा का करायचं ते नाही समजलं.

शंतनू: हसायचं काय त्यात? गप्प बसा. चांगला प्रश्न हाय तिचा. आणखी कुणाला न्हाय समजलं?

बसवेश: सर... मला बी न्हाय.

शंतनू: शाब्बास, बसवेश. हात वर ठेव, खाली घेऊ नको. आणखी? आरोही? तू बी? महांतेश? अरे, मागची समदी रांगच हाय की! बरं. बरं झालं. फळा पुसतो. आता सगळ्यांनी माझ्यासंगं स्टँडवर चला, त्या हॉटेलात. तोंडानं रे, बसवेश, बाकावरून उठू नको! दोन चहा आणि एक प्लेट भजी...

(बॅच सुटल्यावर.)

शिवरंजनी: काय हो, गेली का पोरं? केवढा वेळ लावलात आज! माझ्या पोरी कधीच्या घरी गेल्या.

शंतनू: गेली. मागच्या जिन्याकडं बघून आलो, एकबी चप्पल न्हाय. आईनं वरून हाक मारून विचारलं, आज मास्तरीण बाई वर आल्या न्हाईत व्हय?

शिवरंजनी: आणि मास्तरीण बाई कुठं आहेत?

शंतनू: आत बसलीय. जरा उदास वाटली. म्हणली, बसवेश जाताना गच्चीकडं बघून गेला, पण वर आला न्हाय.

शिवरंजनी: वाटणारच हो. जाते मी तिच्यापाशी. बाकी, धडा संपला का तुमचा आज?

शंतनू: कसला धडा! एकच गणित झालं.

शिवरंजनी: एवढ्या वेळात एकच?

शंतनू: एकच. पण समद्यांचं झालं.