नावं तर सगळी झाकली होती

...आणि म्हणे यंत्राची काही चूक नाही! यंत्राची नाही, डॉक्टरांची नाही, ह्यांची तर नाहीच नाही, मग आमच्या घरातला पत्त्यांचा डाव मोडला कुणी, शेजाऱ्यांनी? थांबा, नीट सांगते. पण नाव नाही घेत हं मी कुणाचं.

आमचे हे दवाखान्यात कामाला. डॉक्टर नाहीत हो, डॉक्टर असते तर मी अशी उभ्याने कशाला बोलले असते तुमच्याशी? डॉक्टर लोक पेशंटबद्दल काहीबाही लिहून ठेवतात ना, खोकला कधीपासून, झोप लागते का, घरी कोण बघतं... ते सगळं म्हणे आता कॉम्प्युटरला वाचायला शिकवायचं, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणाचा आजार लवकर हाती लागेल. चांगलंच आहे की! पण पेशंट कोण ते बाहेर कळायला नको, म्हणून आधी एक यंत्र नाव झाकतं, फोन झाकतं, पत्ता झाकतं, आणि त्याने नीट झाकलंय की नाही ते बघायला बसतो एक माणूस. तो माणूस म्हणजे हे! ज्यांना घरात डब्याचं झाकण लावलेलं आठवत नाही, ते.

आणि यंत्र तरी काय दिव्य! पार्किन्सन म्हणून आजार आहे ना, त्याला वाटलं हा कुणी पेशंटच. झाकला! म्हणजे वाचणाऱ्याने समजायचं, रुग्णाला कुणीतरी अमुकतमुक झालेले आहेत. आणि खरोखर झाकायचं ते तसंच उघडं. आता मी म्हटलं, बेकरीच्या वर राहणाऱ्या, कुत्र्याला स्वेटर घालून फिरवणाऱ्या, भावजयीशी न बोलणाऱ्या बाई... तर काही उरलं का झाकायचं? आणि नाव घेतलं का मी? नाव नाही घेत हं मी कुणाचं!

तर एक दिवस ह्यांच्यापुढे एका बाईंची टिपणं आली. नाव झाकलेलं, वय झाकलेलं, सगळं अगदी चोख. खाली डॉक्टरांनी लिहिलेलं, धाकट्या भावाला कळवू नये, पेशंटच्या मते तो आधी रडतो, मग सल्ले देतो, मग त्यालाच पाणी द्यावं लागतं. हे हसले. म्हणाले, काय एकेक भाऊ असतात जगात! आणि पुढची ओळ वाचली. रविवारी भावाकडे पत्ते खेळताना बरं वाटतं, मुद्दाम लबाडी करते, तो चिडला की आजार विसरायला होतं.

हसणं तिथेच थांबलं. दर रविवारी आमच्याकडे पत्ते खेळायला येतं कोण? ह्यांची ताई! आजार कुठला ते विचारू नका, तेवढं मी सांगायची नाही. ओळखीचं कुणी निघालं तर टिपण बंद करायचं, साहेबांना सांगायचं आणि विसरून जायचं, असा तिथला नियम. पहिली दोन कामं ह्यांनी तिथल्या तिथे केली हो. तिसरं काही जमेना.

रविवार आला, ताई आल्या, डाव मांडला. ताईंनी नेहमीसारखा एक पत्ता मांडीखाली सरकवला. एरवी हे असे ओरडतात की खालच्या मजल्यावरून काठी वाजते. त्या दिवशी हे आपले खिडकीबाहेर बघतायत. ताईंनी दुसरा सरकवला, चांगला दाखवून दाखवून. तर ह्यांनी काय म्हणावं? ताई, पाठीला उशी देऊ का?

उशी! जन्मात कधी कुणाला पाण्याचा पेला न दिलेला माणूस!

ताईंनी पत्ते खाली ठेवले. "कुणी सांगितलं तुला?"

ह्यांना वाटलं, आपण चेहरा अगदी कोरा ठेवलाय. मी बघत होते ना, सगळं छापलेलं होतं त्याच्यावर! ताईंना वाटलं, डॉक्टरच बोलले. म्हणाल्या, त्या डॉक्टरचं तोंड आता बघायची नाही, औषधंही बस झाली. मग काय करतात हे? औषधं बंद पडू द्यायची का? रडत रडत सगळं सांगून टाकलं. नाव नव्हतं गं ताई कुठे, नाव झाकलेलं होतं, हेच सारखं. ताईंनी ह्यांना पाणी दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "आजारी मी दवाखान्यात आहेच रे. तुझ्या घरी नव्हते."

फार वाईट वाटलं हो मला. अजून वाटतं.

ह्यांनी साहेबांना जाऊन विचारलं, यंत्राला असलं झाकायला शिकवता नाही का येणार? साहेब म्हणाले, काय झाकायचं, भाऊ चिडतो हे? मग जगातले सगळेच भाऊ झाकावे लागतील.

औषधं चालू आहेत, त्याच डॉक्टरांची, तेवढं एक बरं झालं. त्यानंतर दोनतीनदा खेळून पाहिलं हो आम्ही. मी ह्यांना आतून खुणा करत होते, ओरडा की, चिडा की! तर हे उशी पुढे सरकवत म्हणतात, ताई, तू लबाड आहेस... आणि त्या बिचारीने लबाडी केलेलीच नाही! करायचीच सोडली होती. सरळ खेळायला लागल्या. सरळ पत्ते खेळण्यात काय राम आहे, तुम्हीच सांगा. मग येणं थांबलं. रविवारी काम असतं म्हणाल्या.

परवाच्या रविवारी मी सहज गेले होते, ताईंच्या त्या शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीच्या गल्लीत. नाव नाही घेत हं मी. वर खिडकीतून आवाज आला, "ऊठ बघू, मांडीखाली काय आहे ते दाखव!" आणि ताई अशा खदखदून हसत होत्या... मी आपली तशीच मागे फिरले.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, ताई कुठे दिसली का गं? मी म्हटलं, नाही हो, कुठे दिसायला!

तर हे भिंतीकडे बघत म्हणाले, "मलाही नाही दिसली. मागच्या रविवारी चांगला तासभर उभा होतो त्या खिडकीखाली."