लांब मॅगझिन परत

टेनेसीतल्या आमच्या गावी बंदुका आणि मासेमारीचं सामान एकाच दुकानात मिळतं. मी गळ घ्यायला रांगेत उभा होतो. माझ्यापुढे म्हातारा लेस्टर, गल्ल्यावर मालकीण वर्ना.

"हे लांब मॅगझिन परत घे, वर्ना."

"का रे? पिस्तुलात बसत नाही?"

"झकास बसतं. दोन गोळ्या जास्त मावतात, करंगळीलाही जागा मिळते."

"मग दुखतंय कुठे तुझं?"

"मूठ लांब होते. उजव्या कमरेला खोचलं की शर्टाखाली टोक वर येतं."

"ढगळ शर्ट घाल. नाहीतरी तुझ्या पोटापुढे काय दिसतंय!"

"दिसत नाही गं, लागतं. चर्च सुटल्यावर नात धावत येऊन बिलगते ना, क्लिओ. तिच्या कपाळाला लागलं."

"रडली?"

"छे. पण तेव्हापासून डावीकडूनच येते. आधी उजवीकडे हाताने चाचपते, मग बिलगते."

"मग पिस्तुलाबरोबर आलेलं कंपनीचं आखूड लाव. करंगळी लोंबकळेल, पण टोक टोचणार नाही."

"तेच लावलंय. तरी चाचपतेच."

"मग एखाद्या रविवारी पिस्तूल घरीच ठेवून बघ की, बाबा."

"परवाच्या रविवारी ठेवलं होतं."

"मग?"

"तिने चाचपलं. काहीच लागेना. तशी बिलगायची थांबली आणि म्हणाली, 'आजोबा, आज विसरलात? आता आपलं कसं होणार?'"