चार ट्वीटरचा स्पीकर

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर नवरा-बायको नंबर लागायची वाट बघत बसले होते.

"उंच पट्टीच्या आवाजासाठी एकेका स्पीकरला चार-चार ट्वीटर कशाला हो? एकानं काय बिघडतंय?"

"अगं, आपला हॉल केवढा! झांजांची किणकिण सोफ्यापर्यंत येतच नाही. अर्ध्या वाटेतच विरते."

"हे त्या दुकानदारानं भरवलं ना तुमच्या डोक्यात?"

"मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"मला तो माणूस सरळ वाटत नाही. तुम्हाला खुर्चीतून हलूच देत नव्हता. मी जरा उठून उभी राहिले, तर तेच गाणं वेगळं वाजायला लागलं. चार तोंडं एकदम बोलायला लागल्यावर दुसरं काय होणार?"

"पण खुर्चीत बसून मला सगळं लख्ख ऐकू आलं. कित्येक वर्षांनी!"

"आपल्या जुन्या स्पीकरवरची किणकिण मला स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू येते."

"मी काही घ्यायचं म्हटलं, की तुझं असंच असतं."

"बरं, राहिलं."

"आणि ही सगळी माणसं माझ्याकडे का बघतायत? तू काही सांगितलंस यांना?"

"मी कशाला सांगू? तुमच्या मनगटावरच्या घड्याळाचा गजर वाजतोय. मघापासून."

त्यांनी घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ तसंच धरलं. मग बायकोकडे रोखून बघितलं.

"खोटं बोलतेस."